चोर गुडघाभर पाणी ठेवतो

१

रविवारी सकाळी सेक्रेटरींनी टाकीचं कुलूप उघडलं, मापाची काठी आत सोडली, वर काढली आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनेच पाणी प्यायलंय. काठी जेमतेम गुडघ्याएवढी ओली होती. आदल्या संध्याकाळी टँकर रिकामा झाला तेव्हा हीच काठी माझ्या खांद्यापर्यंत भिजली होती. मी समोरच उभी होते. हल्ली टँकर आला की आमच्या इमारतीत लोक हातातली कामं टाकून खाली येतात. त्यात मीही असते, लाजायचं काय त्यात.

"पुन्हा गेलं," सेक्रेटरी म्हणाले.

कुलूप जसंच्या तसं होतं. त्यावर सेक्रेटरींनी कागदाची पट्टी चिकटवून सही केली होती, तीही धड होती. शेजारच्या खोलीतल्या पंपाच्या बटणाला दुसरं कुलूप, त्यावरही तशीच पट्टी, तीही शाबूत. म्हणजे झाकण कोणी उघडलं नाही, पंप कोणी चालवला नाही, आणि सकाळ उजाडेपर्यंत टाकीतलं पाणी मात्र गायब.

पाणी गेलं म्हणजे काय गेलं, ते आम्हालाच ठाऊक. गेल्या वर्षीचा पाऊस सगळा एका आठवड्यात कोसळला, रस्ते बुडवून गेला आणि पुन्हा त्याने तोंड दाखवलं नाही. तलावाचा तळ आता बसमधून दिसतो. शहराला त्याचं काही नाही, ते आपलं वाढतंय. समोरच्या माळावर उंचच उंच इमारती झाल्या, पण रस्त्याखालचा नळ तोच, माझ्या लग्नाच्या वेळचा. पालिकेचं पाणी पहाटे येतं, आलं तर. जरा वेळ करंगळीएवढी धार देतं आणि जातं. बाकी सगळी भिस्त टँकरवर.

जमलेल्यांच्या नजरा पंपाच्या खोलीकडे वळल्या. दारात दादा उभे होते, आमचे पंपवाले. त्याच खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात ते आणि त्यांची बायको राहतात. दादा पंप सांभाळतात, ती चार घरची कामं करते. करायची, म्हणायला हवं. चोरीची कुजबुज सुरू झाल्यापासून चारही घरांनी तिला 'सध्या नको' सांगितलं होतं.

"पट्टी काय, ओली केली की निघते आणि पुन्हा चिकटते," मागून कोणीतरी म्हणालं. "नळातलं, पंपातलं दुसऱ्या कोणाला कळतं इथे?"

"संध्याकाळच्या सभेत ठरवू," सेक्रेटरी म्हणाले, दादांकडे न बघता.

ठरवू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खोली खाली करा आणि चालू लागा. आणि पाणीचोर असा शिक्का बसलेल्या माणसाला या शहरात आज कुठली इमारत दारात उभं करणार आहे?

मला ते मुळीच पटेना. लिफ्ट बंद पडली होती आणि आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा ह्यांना पाठीवर घेऊन जिने उतरणारा हा माणूस. तो आमच्याच तोंडचं पाणी विकेल? मी वर गेले आणि नणंदेला फोन लावला.

"ताई, असाल तशा निघा," म्हटलं. "संध्याकाळच्या आत चोर पाहिजे."

२

माझी नणंद जन्मभर विमा कंपनीत होती. आगीचे, चोरीचे दावे खरे की खोटे ते तपासायचं तिचं काम. लग्न केलं नाही. म्हणते, दिवसभर खोटं बोलणारी माणसं भेटायची, घरी आणखी एक कशाला. ह्यांच्याहून मोठी, बोलायला कमी, आणि गुडघे माझ्याहून वाईट. त्यामुळे वाकायची सगळी कामं माझ्याकडे.

"चोराबद्दल काय माहीत आहे?" रिक्षातून उतरताच तिने विचारलं.

"शिस्तीचा आहे," मी म्हटलं. "दर वेळी गुडघाभर पाणी ठेवून जातो. कमी नाही, जास्त नाही."

माझं बोलणं थट्टेचं होतं. ताई मात्र पायरीवरच थांबली.

"टाकी गळत असती तर गुडघ्याशी थांबली नसती," ती म्हणाली. "आणि चोर दयाळू असता तर रोज एकाच मापाने दया केली नसती. वाक बघू, आत काय दिसतंय?"

सेक्रेटरींनी कुरकुरत झाकण उघडून दिलं. टाकी अंगणाच्या पोटात, बरोब्बर त्यांच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली. मी फरशीवर आडवी झाले आणि विजेरी आत धरली. वयाला शोभत नाही, पण कोण बघतंय. आत काळोख, ओली भिंत, आणि औषधाचा उग्र वास. टँकरचं पाणी आलं की दादा त्यात जंतू मारायची पावडर टाकतात, तिचा तो वास.

तेवढ्यात दादा आले. ताईने त्यांना बसायला सांगितलं, ते उभेच राहिले.

"दादा, इतक्यात टाकीच्या आत काही बदल केलाय? काही नवीन बसवलंय?"

"नाही बाई."

"नीट आठवा. साधंसुधं काहीही चालेल."

"काहीच नाही," दादा म्हणाले. त्यांनी एकदा सेक्रेटरींच्या खिडकीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "जुनी टाकी आहे. जशी होती तशीच आहे."

विजेरीचा उजेड मी नुकताच कोपऱ्यात फिरवला होता. पालिकेचं पाणी आत येतं तो नळ छताला लागूनच भिंतीतून बाहेर डोकावतो. त्याच्या तोंडाला एक जाड रबरी पाइप जोडलेला होता. पाइप भिंतीलगत खाली उतरून पाण्यात गेला होता, आणि त्याला आवळणारी लोखंडी पट्टी नवी कोरी, चकचकीत होती.

दादा ताईच्या तोंडावर खोटं बोलत होते.

३

मी उठले, पदर झटकला आणि ताईला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ज्याच्यासाठी हिला बोलावलं, तोच असा निघावा.

"लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, आधीच टंचाई आहे," ताई म्हणाली. "पाइप कुठल्या नळाला लावलाय म्हणालीस? आत येणाऱ्या ना? त्यातून पाणी येतं. चोरायला तो काय उपयोगाचा?"

"मग खोटं का बोलले?"

"ते वेगळं कोडं. खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर असता, तर आमच्या कंपनीने एकही दावा दिला नसता."

संशयितांत दुसरं नाव होतं दुसऱ्या मजल्यावरच्या बागवाल्या बाईंचं. सगळ्या शहराची झाडं करपली आणि बाईंच्या गॅलरीतल्या वेली खालच्या मजल्यापर्यंत लोंबताहेत, मग लोक बोलणारच. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी आधीच फणा काढला होता.

"या, बघा," त्यांनी मोरीचं दार सताड उघडलं. भांडी विसळलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं वेगवेगळ्या बादल्यांत गाळून ठेवलेलं. "माझी झाडं माझ्या आंघोळीवर जगतात. टाकीतलं पाणी घालून मारायचीत का मला? त्या पावडरीने पानं पिवळी पडतात."

ताई खुर्चीत टेकली. "पाणी जायला कधी लागलं?"

"उन्हाळा लागला तेव्हापासून. पूर्वी बरं होतं हो. पहाटे पालिकेचं पाणी आलं की टाकीत धो धो पडायचं, सगळी इमारत जागी व्हायची. आता कधी येतं आणि कधी जातं, पत्ता लागत नाही. आवाजच येत नाही."

"रोज जातं का, टाकीतलं?"

बाईंनी जरा विचार केला. "रोज नाही. मध्ये पालिकेने रस्ता खणला होता, तेव्हा त्यांचं पाणी आलंच नाही. तेवढे दिवस टाकीतलंही हललं नाही. चोराला वाटलं असेल, ह्यांचे आधीच हाल, आणखी कशाला."

ताईने माझ्याकडे बघितलं. असं बघते तेव्हा तिला काहीतरी कळलेलं असतं आणि ती सांगणार नसते.

जिन्यात टँकरवाला भेटला. सभेला हजर राहा म्हणून निरोप गेला होता, म्हणून स्वारी तणतणत आली होती. "मी ओततो, तुमचे लोक काठी घालतात, मग मी जातो. पुढचं मला काय विचारता?" त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. काठी तर मीच बघितली होती.

"याला सोड," ताई म्हणाली. "ह्या रस्त्याला उतार कुठल्या बाजूला आहे?"

"खालच्या गल्लीकडे. का?"

"तुझ्याकडे इस्त्रीचे कपडे आहेत का?"

"ताई, दादांचा संसार रस्त्यावर यायची वेळ आलीय आणि तुम्हाला इस्त्री सुचतेय?"

"हो," ती म्हणाली, आणि कठडा धरून जिना उतरायला लागली.

४

खालची गल्ली म्हणजे आमच्या कुंपणाच्या पलीकडे, उताराच्या तळाशी बैठ्या घरांची एक रांग. त्यांना ना टाकी, ना पंप, ना टँकर. प्रत्येक दाराबाहेर एक नळ आणि नळाखाली पत्र्याचा डबा. तोंडाशी इस्त्रीवालीचं टेबल आहे. मी दोन साड्या तिच्यापुढे ठेवल्या.

"घाईत नेसायच्यात का?" तिने विचारलं.

"घाईत नाही, तोऱ्यात," मी म्हटलं, आणि ती हसली.

ताई नळाकडे बघत होती. "हा उघडाच आहे. विसरलात बंद करायला?"

"बंद करतो कोण? गल्लीत सगळ्यांचे उघडेच असतात. पाणी कधी येईल नेम आहे का? डब्यात आवाज झाला की उठायचं आणि भरायला लागायचं. बंद ठेवला आणि झोप लागली, तर दिवसभर कोरडं." तिने इस्त्री खाली ठेवली. "पण आता बरं चाललंय हो. पालिकेला दया आली. उन्हाळ्यात कधी नव्हे ते पुरतं पाणी मिळतंय. आमची म्हातारी तर रोज हात जोडते त्यांना."

"जास्त वेळ येतं?"

"पहाटे येतं थोडंसं, नेहमीसारखं. मग जातं. नळ नुसता फुसफुसतो. आणि लगेच पुन्हा येतं. ते दुसऱ्यांदा आलेलं चांगलं तासभर चालतं, सगळी गल्ली भरून घेते. फक्त त्याला जरा औषधाचा वास मारतो."

"पहिल्या पाण्याला?"

"त्याला नाही. दुसऱ्यालाच."

मी काही फार हुशार नाही. पण नाक आहे मला, आणि तो वास मी सकाळीच फरशीवर आडवी होऊन घेतला होता. इस्त्रीवालीच्या मागे दारात तिची म्हातारी भांडी लावून ठेवत होती, सगळी भरलेली, घासूनपुसून लख्ख. आमचं पाणी होतं ते. टाकीचं कुलूप न उघडता, पट्टी न फाडता, ते इथे आलं होतं, आणि इथल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

परत चढ चढताना ताई धापा टाकत म्हणाली, "चोरी कशी झाली ते कळलं. आता तो पाइप कोणी लावायला सांगितला, ते बघायचं."

"दादांनी आपल्या मनाने लावला नसेल?"

"आपल्या मनाने लावला असता तर सांगून मोकळे झाले असते. पाइप लावणं काही गुन्हा नाही. ते कोणाला तरी झाकताहेत." ती थांबली आणि वर बघितलं. "अगं, एवढ्या उन्हात त्या सेक्रेटरीच्या खिडक्या बंद का असतात?"

मी बघितलं. खिडक्या बंद होत्या. आतून काचांना जाड गोधड्या लावलेल्या होत्या. इतके दिवस रोज त्यांच्यासमोरून जाते, पण असं का, हा प्रश्न मला पडला नव्हता.

५

सेक्रेटरींनी दार बोटभर उघडलं. "सभा संध्याकाळी आहे."

"सभेच्या आधी पाणी प्यायचंय," ताई म्हणाली. "चढ चढून आलेय. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणू नका."

त्यांचा नाइलाज झाला. आम्ही आत पाऊल टाकलं.

घरभर पाणी होतं. बादल्या, हंडे, पातेली तर होतीच, पण कपाटावर कप भरून ठेवले होते, टेबलाखाली जेवणाचे डबे भरून ठेवले होते, खिडकीत वाट्या, खुर्चीवर तांब्या, भिंतीलगत फुलदाणीसुद्धा काठोकाठ. चालायला वाट म्हणून नव्हती. अस्सा राग आला मला. गरीब माणसावर चोरीचा आळ घेऊन हा बाबा घरात तळं करून बसलाय.

"वा," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी दुसऱ्याला हाकलणार तुम्ही."

सेक्रेटरी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून एक वाळकी म्हातारी बाहेर आली. सेक्रेटरींची आई. तिला कित्येक महिन्यांत कोणी बघितलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, मुलगा सेक्रेटरी झाला आणि आईला शेजाऱ्यांशी बोलायला कमीपणा वाटायला लागला. तिच्या हातात रिकामी साखरेची बरणी होती.

"आलं का गं?" तिने मला विचारलं. "तुझी कळशी कुठंय? नंबर जाईल ना तुझा. थांब, माझ्यापुढे उभी राहा, तुझं लेकरू लहान आहे."

माझा मुलगा तिकडे परमुलखात नोकरी करतो, त्याला टक्कल पडलंय. पण तिने माझा हात धरून मला आपल्या पुढे उभं केलं, आणि माझ्या सगळ्या रागाचं पाणी पाणी झालं.

सेक्रेटरींनी तिला हळूच पलंगावर बसवलं, बरणी भरून तिच्या मांडीवर दिली. मग आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "जन्मभर पहाटे उठून आमच्यासाठी पाणी भरलं तिने. आता सगळं विसरली. मी कोण, तेही एखाद्या दिवशी विसरते. एवढं मात्र विसरली नाही. टाकीत धार पडायला लागली की ताडकन उठायची, अंधारात बादल्या घेऊन बाहेर धावायची. एकदा अंगणात पडली, डोकं फुटलं. गोधड्या लावून बघितल्या. आवाज आत यायचाच."

"म्हणून धारेचा आवाज बंद केला," ताई म्हणाली. "पाइप पाण्यात बुडवला की धार पडत नाही. दादांकडून लावून घेतलात."

"हो. आणि त्याला सांगितलं, आईचं कोणाला बोलायचं नाही. लोक म्हणाले असते, ठेवा कुठेतरी हिला. कोणी तिला वेडी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं." ते वळले. "पण त्याचा चोरीशी काय संबंध? दादा पाणी विकतो ते वेगळंच."

ताईने संबंध सांगितला. थोडक्यात, हळू आवाजात. ऐकता ऐकता सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला. तिचं संपलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते.

"दादाने तुम्हाला पाइपचं काही सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"मी सकाळी सरळ विचारलं. नाही म्हणाले. तुमच्या खिडकीकडे बघून."

म्हातारी बरणीतल्या पाण्यात बोट बुडवून बघत होती.

"पाणी कसं गेलं, ते मी सभेत सांगणार," ताई उठत म्हणाली. "पाइप कोणी लावायला लावला आणि का, ते मी सांगणार नाही. ते तुमचं आहे."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. "आणि सेक्रेटरी गप्प बसले तर?"

"तर बसतील," ताई म्हणाली. "आपण माणसाला बोलतं करू शकत नाही, फक्त त्याच्यासमोर बसू शकतो."

६

सभा गाड्या लावायच्या जागेत भरली. सेक्रेटरी टेबलामागे, समोर खुर्च्यांवर सगळी इमारत, आणि दादा खांबाजवळ उभे. बायको आली नव्हती.

ताईने एक स्टूल मागवलं. त्यावर पाण्याची बादली ठेवली, खाली रिकामी. मग एक नळी पाण्याने भरून तिचं एक टोक वरच्या बादलीत बुडवलं आणि दुसरं खालच्या बादलीत सोडलं. वरचं पाणी नळीतून काठावर चढलं आणि आपल्या पायांनी खाली जायला लागलं. पंप नाही, हात नाही. लोक माना उंच करून बघायला लागले.

"हा तुमचा चोर," ताई म्हणाली. "पालिकेचा नळ टाकीत उंचावर आहे. तो तसाच ठेवला असता तर टाकीतलं पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं. पण त्याला पाइप जोडलाय आणि पाइपचं तोंड पाण्यात बुडलंय. पहाटे पालिकेचं पाणी येतं तेव्हा पाइप भरतो. मग पालिकेचं पाणी बंद होतं, रस्त्याखालचा नळ रिकामा व्हायला लागतो. खालच्या गल्लीतले नळ उघडे असतात, त्यातून सगळं ओघळतं आणि जाता जाता तुमच्या टाकीतलं मागे ओढून नेतं. आत येणारा नळ तुम्हीही कधी बंद करत नाही, आलेलं पाणी चुकेल या भीतीने. पालिकेचं पाणी आलं नाही त्या दिवशी चोरी झाली नाही, ती यामुळे. आणि पाइपचं तोंड तळापासून गुडघाभर उंचावर आहे. पाणी तिथवर उतरलं की पाइप हवा ओढतो आणि चोरी थांबते."

खालच्या बादलीत पाणी पडत होतं, वरची रिकामी होत होती. वरच्या पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली, नळी गुरगुरली आणि थांबली. तळाशी थोडं पाणी राहिलं.

"म्हणजे आपलं पाणी खालच्या गल्लीने नेलं?" कोणीतरी चिडून म्हणालं.

"त्यांनी नळ उघडा ठेवला. तुम्हीही ठेवलात," ताई म्हणाली. "उद्या पाइप काढला की त्यांच्याकडे पुन्हा करंगळीएवढी धार येईल. ते का, हे त्यांना जाऊन कोण सांगणार, तेही आज ठरवा. आणि पुढचा टँकर मागवाल तेव्हा त्यांनाही विचारा."

बागवाल्या बाई म्हणाल्या, "मी जाईन सांगायला." मी म्हटलं, मीही येते, माझ्या साड्या आहेत तिथे.

"ते ठीक आहे," पहिल्या रांगेतून आवाज आला. "पण पाइप लावला कोणी?"

"मी," दादा म्हणाले.

"कोणाला विचारून?"

दादांनी उत्तर दिलं नाही.

"म्हणजे चोरी नसली तरी नुकसान ह्यानेच केलं. आणि तोंड मिटून बसला. असा माणूस काय कामाचा? खोली खाली करायला सांगा."

माना हलायला लागल्या. मी उठणार होते, ताईने माझं मनगट घट्ट धरलं. सेक्रेटरी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. दादांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, बरं म्हणाल्यासारखी मान हलवली आणि खोलीकडे चालायला लागले.

"थांब," सेक्रेटरी म्हणाले.

ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आईचं उठणं, पडणं, बरण्या, गोधड्या. सांगताना दोनदा थांबावं लागलं त्यांना. शेवटी म्हणाले, "पाइप मी लावून घेतला. चोर म्हणून बोटही मीच दाखवलं. ह्याला सगळं ठाऊक होतं, तरी हा बोलला नाही." मग दादांकडे वळून त्यांनी विचारलं, "अरे, का नाही बोललास? एवढं होईपर्यंत?"

"तुम्ही माझा शब्द घेतला होता, साहेब," दादा म्हणाले. "मला त्यातून मोकळं केलं नव्हतंत."

रागावून नाही म्हणाले. कोणी रीतसर हिशोब सांगावा तसे म्हणाले. बागवाल्या बाई पदराने डोळे पुसायला लागल्या, आणि मी तर केव्हाच सुरू केलं होतं.

"सभेने दादांना ठेवायचं ठरवलंय," सेक्रेटरी म्हणाले. कोणाला विचारलं नाही, आणि कोणी हरकतही घेतली नाही. "तुला काय हवं ते माग."

दादा घुटमळले. "मला काही नको. पण हिच्याशी इतके दिवस कोणी बोललं नाही. तिला एकदा सांगा, तिच्या समोर. माझ्याकडून ऐकून तिला खरं वाटणार नाही."

७

सेक्रेटरी पुढे आणि मागे आम्ही, अशी सगळी इमारत पंपाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत भिंती उघड्या पडल्या होत्या. खुंट्यांवर कपडे नव्हते, फळीवर भांडी नव्हती. सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि एका गाठोड्यात गेलं होतं. दादांची बायको केर काढत होती. खोली सोडून जायचं, पण घाण ठेवून जायचं नाही, असं तिचं.

एवढी माणसं बघून तिने झाडू छातीशी धरला.

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या माणसाने काही घेतलं नाही. सगळी चूक माझी होती. मी आईसाठी पाइप लावून घेतला आणि पाणी गेलं ते त्यामुळे. तुम्हाला लोकांनी घराबाहेर केलं, तेही माझ्यामुळे. मला माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं. दादांनी मान हलवली. तिचा चेहरा कोरडाच राहिला. आता ही चार शब्द सुनावेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिने सुनवावेत असंही वाटलं. तिचा हक्क होता तो.

"मग आता पाइप काढणार का?" तिने विचारलं.

"हो. उद्याच."

"म्हणजे आजी पुन्हा उठायला लागतील." तिने झाडू कोपऱ्यात ठेवला. "अंधारात पडतील बिचाऱ्या. मी येत जाईन पहाटे. दोन भांडी त्यांच्याबरोबर भरली की झोपतील परत. पाणी भरलेलं डोळ्यांनी बघितलं की बाईमाणसाला झोप लागते."

तिलाही ठाऊक होतं तर. पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि ज्यांच्या घरी तिला नको म्हटलं, त्यांच्यापैकी कोणालाही तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी तिथेच, त्या बांधलेल्या ट्रंकेवर मटकन बसले आणि तोंड दोन्ही हातांत झाकून लहान मुलासारखे रडायला लागले. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिलो.

दादांच्या बायकोने त्यांना पुरतं रडू दिलं. मग जवळ जाऊन, न ओरडता, पण चांगलं ठणकावून म्हणाली,

"उठा साहेब. ट्रंकेतलं सामान परत लावायचंय मला."